नातं तोडायची पांढरी गाय

सोमवार, १५ सप्टेंबर

मुख्याध्यापकांनी खोलीत बोलावलं आणि दार लोटून घेतलं, तेव्हाच ओळखलं की काहीतरी माझ्या गळ्यात पडणार. पडलंच. फॉर्म तीनच्या जीवशास्त्रात उत्क्रांतीचा धडा आहे. आजवर आमच्या शाळेत तो "घरी वाचून या" म्हणून उरकला जायचा, आणि घरी कोण वाचतं! गेल्या परीक्षेत नेमका त्यावरच मोठा प्रश्न आला नि आमची सगळी पोरं आडवी झाली.

"यंदा शिकवा," साहेब म्हणाले. "पण जरा हळू आवाजात."

"साहेब, हा धडा आहे, चोरी नाही."

"गारिकाई, पालक समितीचा अध्यक्ष कोण आहे, ठाऊक आहे ना?"

ठाऊक नसायला काय झालं! तोच माझा होऊ घातलेला सासरा. सिंह देवकाचा म्हातारा. सगळं गाव त्याला शुंबा म्हणतं, म्हणजे सिंहच. माझं देवक माकड, त्यामुळे मी सगळ्यांचा सोको. पोरगी सिंहाची आणि मागणारा माकडाचा, यावरून गावानं वर्षभर माझी यथेच्छ टिंगल केली आहे. मी शांत स्वभावाचा माणूस, म्हणून निभावून नेलं.

सेकाईशी लग्न ऑक्टोबर संपायच्या आत ठरायलाच हवं. नोव्हेंबर अशुभ, त्या महिन्यात आमच्याकडे कुणी लग्नाचं नाव काढत नाही, आणि डिसेंबरात तिची बदली आहे, पार गोक्वेच्या पलीकडे. लग्न ठरलं तर नवऱ्याच्या गावी राहू देतात. नाही ठरलं तर ती जाणार. ती गेली तर माझं काय होईल, हे मला या वहीतसुद्धा लिहवत नाही.

देजाची बोलणी, म्हणजे मुलीच्या घरी काय काय द्यायचं ते ठरवणं, सत्तावीसला आहेत.

बुधवार, १७ सप्टेंबर

सुचलं! असं काही सुचलं की मीच मला शाबासकी दिली.

पुस्तकातल्या झाडावर कुठले कुठले प्राणी काढलेत, पोरांनी बापजन्मी न पाहिलेले. मी आपली देवकंच झाडावर चढवणार. माकड, सिंह, हत्ती, इलँड हरीण, मत्स्यगरुड, मासा. वर्गातल्या प्रत्येकाला आपलं देवक एकेका फांदीच्या टोकावर दिसेल, आणि फांद्या खाली खाली येत एका बुंध्यात मिळतील. सगळी सृष्टी एका घरची! प्रयोगशाळेची बाहेरची भिंत मोकळीच आहे, पटांगणाच्या बाजूची. दुपारभर रंगवत बसलो.

टाउराई मदतीला होता. तो भूगोल शिकवतो, फुटबॉल शिकवतो आणि देजाच्या बोलण्यांत माझा मध्यस्थ आहे. त्यानं सिंह काढला. तो सिंह कमी आणि कुणाची तरी आजारी आत्या जास्त दिसतो.

"सोको," तो ब्रश धुता धुता म्हणाला, "तुझ्या सासऱ्याला माकडाच्या शेजारच्या फांदीवर बसवलंस. नीट विचार केलास ना?"

मी म्हटलं, विज्ञानाला सासरा नसतो.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

धडा झाला. माझ्या आयुष्यातला सर्वांत चांगला तास. मागच्या बाकावर झोपणारी पोरंसुद्धा उठून बसली. आपापलं देवक शोधायला सगळा वर्ग भिंतीपाशी लोटला. इलँडची पोरं मोठ्यानं ओरडली, कारण इलँड मी काढला होता आणि तो खरंच इलँडसारखा दिसतो.

मग मुचानेता उठली. ही सेकाईची धाकटी बहीण. तिच्या आईनं सगळ्या शेजारणींना उद्देशून हे नाव ठेवलंय. अर्थ असा की "तुम्हीच दमाल". पोरगी नावाला जागते.

"सर, या बुंध्याच्या अगदी तळाशी कोण आहे?"

"एक बारीक जीव. डोळ्यांना न दिसणारा."

"त्याचं देवक कुठलं?"

वर्ग हसला. मी म्हटलं, त्याला देवक नव्हतं.

"अगंबाई! मग त्याचं लग्न कसं झालं?"

मी तिला खाली बसायला सांगितलं. ती बसली, आणि बसल्या बसल्या पुन्हा बोट वर. "सर, सिंह आणि माकड इथं एकाच फांदीतून फुटलेत. म्हणजे आम्ही आणि तुम्ही एकाच आईची लेकरं?"

"फार फार मागे गेलं तर, हो."

"मग आपल्यात लग्न चालतं?"

आता अख्खा वर्ग माझ्याकडे बघत होता. सर कुणाशी लग्न करणार, हे आमच्या गावच्या शेळ्यांनाही ठाऊक आहे. मी डगमगलो नाही. विज्ञान म्हणजे विज्ञान. म्हटलं, "नातं आहे म्हणजे आहे. वहीत लिहा: सिंह आणि माकड एकाच घरचे."

सगळ्यांनी लिहिलं. मुचानेतानं तर खाली रेघही मारली. वर गृहपाठ दिला: हे झाड घरी सगळ्यांना समजावून सांगा.

शनिवार, २७ सप्टेंबर

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

टाउराई सकाळी शुंबाच्या घरात गेला. मागणारा नवरा बोलण्यांत आत जात नाही, म्हणून मी गोठ्यामागं खांबासारखा उन्हात उभा. मधूनमधून आतून हसण्याचा आवाज यायचा, मला वाटलं छान चाललंय. आत काय झालं ते टाउराईनं नंतर सांगितलं. टोपी काढली नाही म्हणून त्याला दंड झाला. बस म्हणायच्या आत बसला, पुन्हा दंड. शिंकला, तेव्हा सेकाईच्या आत्याबाई म्हणाल्या की शिंकेचाही दंड असतो. हे सगळं रीतीचंच. मग आत्याबाईंनी सेकाईला बाहेर बोलावून विचारलं, "ही माणसं आलीत, ओळखतेस का?" सेकाई म्हणाली, "ओळखते." झालं! एवढ्या एका शब्दासाठी मी वर्षभर जीव मुठीत धरला होता.

तेवढ्यात म्हातारा म्हणाला, "मीपण ओळखतो. आपल्यातलेच आहेत."

टाउराई बावळटासारखा म्हणाला, "मोठं मन आहे तुमचं."

"मन कसलं! रक्ताचे आहेत. मास्तरनं शाळेच्या भिंतीवर काढलंय. आमच्या मुचानेताच्या वहीत लिहिलंय, खाली रेघ मारून."

आणि मग म्हाताऱ्यानं दात विचकून सांगितलं की नात्यात लग्न जुळलं तर नातं तोडायला पांढरी गाय द्यावी लागते, ही वाडवडिलांची रीत. गाय आली की नातं कापलं, मग खुशाल लग्न करा.

टाउराई भांडला, हे मी मान्य करतो. "शुंबा, अहो हे नातं आठ-नऊ कोटी वर्षांपूर्वीचं आहे!"

"पण आहे ना?"

"तसं... आहे."

"मग गाय. नाहीतर मास्तरनं त्याच वर्गासमोर ती भिंत पुसावी आणि म्हणावं, मी चुकलो, सिंह वेगळा नि माकड वेगळं. आमचं काही म्हणणं नाही."

टाउराई बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा भाजलेल्या वांग्यासारखा झाला होता. इकडे आड, तिकडे विहीर. भिंत पुसावी तर मी मास्तर कसला? गाय द्यावी तर "नातं होतं, आता तुटलं" असं माझ्याच हातानं कबूल करायचं. एका गायीनं आठ कोटी वर्षं कापता येतात, हे मी फॉर्म तीनला कुठल्या तोंडानं शिकवू? आणि मुळात माझ्याकडे पांढरी गाय नाही. भावाबरोबर सामाईक एक तपकिरी आहे, तीही लंगडते.

"मैदानावर रेघा मारायचा चुना आहे आपल्याकडे," टाउराई म्हणाला.

मी त्याच्याशी संध्याकाळपर्यंत बोललो नाही.

सोमवार, २९ सप्टेंबर

मुख्याध्यापक सकाळीच भिंतीपाशी उभे. हातात पुसायची बादली नव्हती, पण नजरेत होती.

"गारिकाई, तीन बादल्या पाणी, एक ब्रश आणि लग्न. यातलं अवघड काय आहे?"

मी म्हटलं, साहेब, आज सिंह पुसला तर उद्या सूर्याभोवती पृथ्वी फिरते तेही पुसावं लागेल. ते म्हणाले, पृथ्वीच्या फिरण्यावर कुणाचं लग्न अडलेलं नाही.

वर्गात निराळाच गोंधळ. माकडाच्या पोरांनी सिंहाच्या पोरांकडून पाणी भरून घ्यायला सुरुवात केली आहे, "आम्ही थोरल्या फांदीचे" म्हणून. थोरली-धाकटी फांदी असं काही नसतं, हे मी तीनदा सांगितलं. माशाच्या देवकाचा एक पोरगा रडत होता, कारण त्याची फांदी सगळ्यांत खाली आहे आणि त्याला वाटलं तो नापास झाला.

माझा धडा कुणालाही समजलेला नाही. एकालाही नाही.

गुरुवार, २ ऑक्टोबर

सेकाईला भेटलो. ती गुरांच्या दवाखान्यात काम करते. दर गुरुवारी गोचिडांच्या औषधाच्या हौदातून गावाची सगळी गुरं काढते. ढोरं एका बाजूनं उडी मारून पोहत दुसऱ्या बाजूनं बाहेर निघतात, आणि ती काठावर उभी राहून ओरडत असते. अंगाला औषधाचा वास, पायांत गमबूट. मला ती तेव्हाच सर्वांत सुंदर दिसते. हे मी तिला एकदा सांगितलं होतं, तर तिनं माझ्या अंगावर पाणी उडवलं.

मी आठवड्याभराचं दुःख तिच्यापुढे ओतलं. ती हसायला लागली. तिचं नावच सेकाई, म्हणजे हसा. पण काही प्रसंग असतात ना!

"तुझे बाबा मला जिवंत सोलतायत आणि तू हसतेस?"

"ते तुला सोलत नाहीत. चाखून बघतायत."

"आणि मी गाय कुठून आणू?"

"आणू नको. भिंत पुसणार आहेस का?"

"मुळीच नाही." मी असं म्हटलं खरं, पण आवाज जरा बसला. "पण सेकाई, तू जाशील ना मग डिसेंबरात?"

तिनं हसणं थांबवून माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "भिंत पुसलीस तर बदली नसली तरी जाईन."

एवढं बोलून गेली ती थेट बायकांच्या घोळक्यात. आणि तिथं काय, तर गप्पा! या बाईला विचार, "काकू, तुम्ही माहेरच्या कुठल्या देवकाच्या?" त्या बाईला विचार, "आणि तुमचे भाऊ कुठं असतात हल्ली?" माझं आयुष्य उधळलंय आणि ही गावाच्या माहेरांची चौकशी करतेय. बायका तोंडावर हात ठेवून खिदळत होत्या. मला फार वाईट वाटलं. घरी येऊन मक्याच्या पिठाचा साद्झा केला, तो करपला, तसाच खाल्ला.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

म्हाताऱ्यानं मुचानेताबरोबर निरोप पाठवला. त्याच्या आंब्यावर माकडांचा कळप आला आणि कच्च्या कैऱ्या खाऊन गेला. निरोप असा: "तुमची मंडळी येऊन जेवून गेली. जाताना निरोप घ्यायची रीत नाही का तुमच्यात?"

मी म्हटलं, बाबांना सांग, ती जशी माझी मंडळी तशीच त्यांचीही, भिंत बघा.

मुचानेता म्हणाली, "तेच आई म्हणाली त्यांना. म्हणून तर बाबांनी गलोल परत ठेवली. कालपासून माकडांना दगड मारत नाहीत, नुसते शिव्या देतात. नावं घेऊन."

म्हातारा माझा छळ करायला नवनवे प्रकार शोधतोय, एवढंच मला यातून कळलं. तिला म्हटलं, बस खाली.

शनिवार, ११ ऑक्टोबर

गावात काहीतरी शिजतंय आणि माझी पाचावर धारण बसली आहे.

सकाळी रस्त्यात सेकाईचे मामा भेटले, मत्स्यगरुड देवकाचे. तीन गावं ओलांडून आले होते. खांद्यावर नवा कोरा दोर. माझ्याकडे बघून त्यांनी आमच्या रीतीनं टाळी वाजवून नमस्कार केला आणि दात काढून म्हणाले, "मास्तर, फार मोठं काम केलंत." दुपारी आणखी दोन अनोळखी माणसं, त्यांच्याही खांद्यांवर दोर. संध्याकाळी पाणवठ्यावर तिघं.

टाउराईला म्हटलं, मला बांधून नेणार बहुतेक. तो म्हणाला, तुला बांधायला एवढे दोर कशाला, तुझं वजन ते काय. हा माझा मित्र.

पुढच्या शनिवारी पटांगणात गावसभा आहे. विषय: भिंत. म्हाताऱ्यानंच बोलावलीय. मी ठरवलंय: पुसणार नाही. गायही देणार नाही. सेकाई गेली तर... ठरवलंय एवढं खरं.

शनिवार, १८ ऑक्टोबर

सगळं जसं झालं तसं लिहितो.

भिंतीसमोर अख्खं गाव. गावप्रमुख खुर्चीवर, शुंबा शेजारी बाकावर, मुख्याध्यापक एका बाजूला पाण्याची बादली घेऊन. होय, बादली! मी जमिनीवर बसलो, नजर खाली, कारण सासऱ्यासमोर जावई खालीच बसतो, आणि त्याच्याशी थेट बोलत नाही. माझ्यातर्फे टाउराई बोलणार.

म्हातारा उभा राहिला. "मास्तर म्हणतो, सिंह-माकड एका घरचे. खरं असेल तर पांढरी गाय. खोटं असेल तर पाणी तयार आहे. काय म्हणतो मास्तर?"

मी टाउराईच्या कानात सांगितलं. टाउराईनं घसा साफ केला. "मास्तर म्हणतात, खरं आहे. पुसणार नाही. आणि गायही नाही, कारण हे नातं गायीनं तुटणारं नाही."

गलका झाला. म्हातारा काही बोलणार, तोच मागून आवाज आला, "भावजी, जरा थांबा."

सेकाईचे मामा पुढे आले. खांद्यावरचा दोर काढून त्यांनी म्हाताऱ्याच्या पायाशी ठेवला. "माझी बहीण तुमच्या घरात आली तेव्हा तुम्ही पांढरी गाय दिली नव्हती. मी न्यायला आलोय."

"मत्स्यगरुडाचं आणि सिंहाचं काय नातं?" म्हातारा कडाडला. "तो पक्षी आहे!"

मुचानेतानं काठी उचलली, भिंतीपाशी गेली आणि मत्स्यगरुडावरून काठी खाली खाली आणली. मग सिंहावरून खाली आणली. "इथं मिळतात, बाबा. फार खाली आहे, पण मिळतात. लांबचं नातं. पण आहे ना?"

सगळं पटांगण हसलं. सासूबाई तर गुडघ्यात डोकं घालून हसत होत्या. आणि मग उठलं की हो एकेक! इलँडच्या घरी दिलेल्या बहिणीचा भाऊ, हत्तीच्या घरी दिलेल्या बहिणीचा भाऊ, ज्याचा त्याचा दोर ज्याच्या त्याच्या भावजीपुढे. प्रत्येक नवरा दुसऱ्या कुणाचा तरी मेहुणा, म्हणून ज्याच्यापुढे दोर पडला तोच उठून आपला दोर शोधायला लागला. पांढऱ्या गायी सगळ्या गावात मिळून दोन. शेवटी एक किडमिडीत म्हातारा उठला आणि त्यानं आपला दोर थेट गावप्रमुखाच्या मांडीवर ठेवला. तो त्याचा मेहुणा निघाला.

त्याबरोबर गावप्रमुखाला जी बुद्धी सुचली तिला तोड नाही. ताडकन उभा राहिला.

"बस्स! ज्या नात्यात सगळं गाव आहे ते कुणाचंच तुटत नसतं. तुटत नाही त्याला गाय कशाला? देवक आपलं आपल्या जागी. एका देवकात लग्न नाही, बाकी मोकळं. दोर गुंडाळा आणि घरी जा."

मुख्याध्यापकांनी बादलीतलं पाणी मुकाट्यानं झेंडूला घातलं.

सत्य पसरलं ते असं. मी एक धडा नीट शिकवला आणि तो घराघरात पोचला. सेकाईला म्हटलं, "बघ, विज्ञान आपोआप लोकांपर्यंत जातं." ती म्हणाली, "हो ना, अगदी आपोआप," आणि इतकी हसली की तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला. तिचे मामा तिच्या पाठीवर थाप मारून गेले. कशाबद्दल, कोण जाणे.

पण घोडं अजून अडलंय. जाताना म्हातारा टाउराईला म्हणाला, "गाय सोडली. होकार अजून दिलेला नाही. हा धडा मी आधी माझ्या कानांनी ऐकणार."

ऑक्टोबर संपत आला आहे.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

लिहिल्याशिवाय राहवत नाही.

म्हातारा आज वर्गात आला. कोट घालून, काठी घेऊन, मागच्या बाकावर बसला. आता रीत अशी की सासरा बसलेला असताना जावयानं त्याच्यापेक्षा उंच राहायचं नाही. म्हणून मी फळ्याखाली जमिनीवर बसून शिकवायला लागलो. मागच्या पोरांना फक्त माझा आवाज ऐकू येत होता. फळ्यावर लिहायला मुचानेता. म्हातारा मला काही विचारायचा ते तिच्यामार्फत, मी उत्तर द्यायचो ते तिच्यामार्फत, आणि ती दोन्हीकडे आपल्या पदरचं घालायची.

विषय होता, प्राणी बदलतात कसे. अर्ध्या तासानं म्हाताऱ्यानं काठी वर केली.

"मास्तरला सांग, मला कळलं. बबूनचं बूड बघा. टणक, केस नाहीत, तांबडंलाल. का? तर पिढ्यान् पिढ्या दगडावर बसून बसून घट्टे पडले, आणि तेच पोरांना मिळाले. बरोबर ना?"

मी डोळे मिटले.

त्यानं चुकीचं सांगितलं होतं. साफ चुकीचं. आणि सासऱ्याला चूक म्हणायचं नसतं. आणि सासऱ्यासमोर बूड हा शब्दही काढायचा नसतो. आणि बबून म्हणजे माकडच, ते बूड माझ्याच देवकाचं! "बरोबर" एवढंच म्हणायचं होतं. एक शब्द, आणि सेकाई माझी. परीक्षेत कोण विचारतंय बबूनचं बूड? मुचानेता माझ्याकडे बघत होती, खडू हातात धरून, आणि पहिल्यांदाच तिच्याकडे प्रश्न नव्हता.

मी ओंजळीनं हळू टाळ्या वाजवल्या, जमिनीकडे बघत, जितकं नम्र होता येईल तितकं नम्र होऊन. म्हटलं, "शुंबा, चूक."

मुचानेताला हे पुढं पोचवायची गरज पडली नाही.

"चूक?" म्हातारा थेट मलाच म्हणाला. "कशी?"

"शुंबा, गुरं ओळखू यावीत म्हणून तुम्ही त्यांच्या कानांना खाच पाडता. तुमच्या वडिलांनी पाडली, आजोबांनी पाडली. आजवर एक तरी वासरू खाच घेऊन जन्माला आलं का?"

म्हाताऱ्यानं काठीच्या मुठीवर हनुवटी ठेवली.

"एकही नाही," तो म्हणाला. मग पुढं वाकून, कपाळाला आठ्या घालून, "अरे मग बबूनला ते आलं कुठून?"

त्यानंतर काय झालं मला नीट आठवत नाही. बबूनचं पिल्लू आईच्या पोटातूनच घट्टे घेऊन येतं, हे मी सांगितलं, तिथं कुठला आलाय दगड! कुणाचं कातडं जन्मतः जाड, कुणाचं पातळ. जाडवाला कड्यावर बसून निवांत झोपतो, पातळवाला चुळबुळतो आणि बिबट्याच्या तोंडी जातो. मग पोरं कुणाची उरतात? कड्याचं चित्र काढलं, बिबट्या काढला, घसरणारा बबून काढला. म्हातारा मधेमधे विचारत होता, "आणि दोघंही जाड असले तर? आणि बिबट्याच नसला तर?" मी उत्तरं देत होतो. असं मला जन्मात कुणी विचारलं नव्हतं. "आता बूड नीट बघा," असंही मी सासऱ्याला म्हणालो असेन.

घंटा झाली तेव्हा कळलं की मी उभा होतो. सासऱ्याच्या तोंडासमोर, डोळ्यांत डोळे घालून, हातात खडू, आणि त्याच्या कोटभर पांढरी भुकटी. अर्धा तास तरी तसाच. मी मटकन खाली बसलो आणि क्षमेच्या टाळ्या वाजवायला लागलो.

म्हातारा उठला. काठी टेकत पुढं आला आणि माझ्याजवळून गेला, माझ्याकडे न बघता. फळ्यापाशी थांबून त्यानं घसरणारा बबून नीट पाहिला.

"मुचानेता," तो म्हणाला, "मी दोनदा त्याला पळवाट दिली. पहिल्यांदा भिंत पुसायची, आज नुसतं हो म्हणायचं. हे माकड एकदाही पळालं नाही. तुझ्या बहिणीला सांग, लग्न ठरलं, नोव्हेंबर सोडून शनिवार कुठला हवा ते तिनं ठरवावं." मग दाराशी जाऊन वळला. "आणि सोकोला विचार, सोमवारी धडा कितीला आहे."

मी जमिनीवरूनच थेट सांगितलं, साडेआठला.